राजस्मारक कपबशा, ब्रिटिश

राज्यारोहण, राज्याभिषेक, राजविवाह, राजपुत्राचा जन्म, राज्यकारभाराचे रौप्य, सुवर्ण वा हीरक महोत्सव इ. प्रसंगांची आठवण म्हणून ब्रिटिश राजघराण्याची चित्रे, चिन्हे व लेख छापून तयार केलेले चिनी मातीचे कप, बशा, पेले व मग यांना स्थूलमानाने राजस्मारक कपबशा म्हणतात. त्यांचा संग्रह करण्याचा छंद ब्रिटन व त्याच्या पूर्वीच्या वसाहती यांत पुष्कळ रूढ आहे. भारतात जुन्या वस्तूंच्या बाजारांत व काही घराण्यांच्या काचेच्या कपाटांत अशा कपबशा अधूनमधून आढळतात. कलावस्तू म्हणून त्यांपैकी बहुतेकींचे मूल्य बेताचेच असते. परंतु त्यांवरील दिनांक व बिरुदे यांमुळे त्या इतिहासाचे एक साधन ठरतात. राजसत्तेने स्वतःचे कोणते दिवस स्मरणीय मानले, हे या कपबशा सांगतात. त्याच दिवसांत प्रजेची स्थिती काय होती, हे मात्र अन्य साधनांवरून पाहावे लागते. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे.

उगम व विकास : राजाची प्रतिमा असलेली भांडी इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून आढळतात. दुसऱ्या चार्ल्‌सचे १६६० मध्ये पुनःस्थापन झाले व १६६१ मध्ये त्याला राज्याभिषेक झाला. त्या सुमारास पांढऱ्या झिलईच्या मातीच्या भांड्यांवर त्याचे चित्र हाताने रंगविण्यात येई. अशी भांडी थोडी व महाग असत. अठराव्या शतकाच्या मध्यास तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र पातळ कागदावर छापून ते भांड्यावर उतरविण्याची पद्धत निघाली आणि एकच चित्र शेकडो भांड्यांवर उमटविणे शक्य झाले. तिसऱ्या जॉर्जच्या राजवटीचा १८०९ मधील महोत्सव व व्हिक्टोरिया राणीचा (कार. १८३७–१९०१) १८३८ मधील राज्याभिषेक या प्रसंगांची छापील भांडी उपलब्ध आहेत, तथापि त्यांची संख्या मर्यादित आहे.

या वस्तूंना खरा लोकाश्रय मिळाला तो राणीच्या १८८७ च्या सुवर्णमहोत्सवापासून. त्या वर्षी २२ जून रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये सु. ३०,००० शाळकरी मुलांना मेजवानी देण्यात आली व प्रत्येकास डोल्टन कंपनीने बनविलेला एक स्मारक पेला भेट मिळाला. पुढे नगरपालिका, गिरण्या व शाळा यांनी मुलांना असे पेले वाटण्याची प्रथाच पडली. १८९७ चा हीरकमहोत्सव, १९०२ व १९११ चे राज्याभिषेक, १९३५ चा रौप्यमहोत्सव व १९३७ चा राज्याभिषेक या प्रसंगी त्यांचे उत्पादन प्रचंड प्रमाणावर झाले. अशीच प्रथा अन्य राजवटींतही होती. रशियाचा सम्राट दुसरा निकोलस याच्या राज्याभिषेकानिमित्त मे १८९६ मध्ये मॉस्कोजवळील खोदिन्का मैदानावर मुलामा दिलेले धातूचे पेले व खाद्यपदार्थ वाटण्याचे ठरले असता चेंगराचेंगरी होऊन हजाराहून अधिक माणसे मरण पावली. तो पेला पुढे ‘दुःखाचा पेला’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

निर्मिती : या वस्तूंचे प्रमुख उत्पादनक्षेत्र म्हणजे इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यातील स्टोक-ऑन-ट्रेंट व त्याच्या आसपासची गावे होत. वेजवुड, स्पोड, मिंटन, डोल्टन, एन्स्ली इ. कारखाने या भागातले. वुस्टरचा कारखाना मात्र त्याच नावाच्या शहरी होता. स्वस्त पेले साध्या पांढऱ्या मातीचे व किमती कप अस्थिमिश्रित चिनी मातीचे असत. अठराव्या शतकाच्या अखेरीस जोसाया स्पोडच्या कारखान्यात विकसित झालेल्या या मिश्रणात जनावरांच्या हाडांची राख सु. निम्मी असून उरलेला भाग केओलीन व फेल्डस्पारयुक्त दगड यांचा असतो. त्यामुळे भांडे पातळ, शुभ्र, मजबूत व पारभासक होते. उजेडापुढे धरल्यास पलीकडील बोटांची सावली दिसते, ही त्याची सोपी खूण होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिलामुद्रणाने छापलेली बहुरंगी चित्रे भांड्यावर चिकटवून भाजण्याची पद्धत रूढ झाली. काठावरील सोनेरी रेघ मात्र पुष्कळदा हातानेच ओढीत.

लेख व चिन्हे : कपावरील बिरुदांवरून काळ व राजकीय परिस्थिती यांचा बोध होतो. १८७६ च्या कायद्याने व्हिक्टोरिया राणीस भारताची सम्राज्ञी हे पद देण्यात आले व १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात ते जाहीर झाले. त्यानंतरच्या अनेक स्मारक वस्तूंवर ‘राणी व सम्राज्ञी’ किंवा ‘राजा व सम्राट’ असा उल्लेख येतो. भारत स्वतंत्र झाल्यावर २२ जून १९४८ च्या घोषणेने सम्राटपद संपुष्टात आले. म्हणून १९५३ च्या राज्याभिषेकाच्या वस्तूंवर ते आढळत नाही. म्हणजे ज्या कपावर सम्राटपद कोरले आहे, त्यावर भारताचे पारतंत्र्यही नोंदलेले आहे, असे म्हणता येईल.

कधीकधी छापलेला दिनांक व प्रत्यक्ष घटना यांत अंतर पडते. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी व्हावयाचा होता. परंतु आंत्रपुच्छाच्या विकारामुळे शस्त्रक्रिया करावी लागून तो ९ ऑगस्टला झाला. तोवर भांडी भाजून तयार झाली होती. त्यामुळे बहुसंख्य पेल्यांवर जूनचाच दिनांक आहे. आठव्या एडवर्डचा राज्याभिषेक १२ मे १९३७ रोजी ठरला होता. त्याने डिसेंबर १९३६ मध्ये राजत्याग केल्याने तो झालाच नाही व त्याच दिवशी त्याचा भाऊ सहावा जॉर्ज याला मुकुट चढविण्यात आला. न झालेल्या राज्याभिषेकाचे पेले दुर्मिळ असावेत अशी समजूत आहे. परंतु ते आधीच मोठ्या संख्येने विकले गेले असल्याने सहज मिळतात. वेजवुडसाठी एरिक रॅव्हिलियस या चित्रकाराने या प्रसंगासाठी केलेला नमुना पुढे १९३७ व १९५३ च्या राज्याभिषेकांसाठी अक्षरे व रंग बदलून वापरण्यात आला.

महाराष्ट्रात कपबशीचा प्रवेश : चिनी मातीची भांडी अरबी समुद्रावरील व्यापारातून कोकणात व दख्खनमध्ये फार पूर्वीपासून येत होती; परंतु कान असलेला कप व त्याची बशी या जोडीचा प्रसार चहाबरोबर झाला. हिंदू आचारात मातीचे भांडे एकदा उष्टे झाले की टाकून द्यावयाचे व धातूचे घासून शुद्ध करावयाचे, असा भेद होता. झिलईचे भांडे या दोहोंपैकी कशात बसवावे हा प्रश्न होता आणि त्यात हाडांची राख असते ही माहिती सोवळ्याच्या घरांत संशय वाढविणारीच होती. चहाच्या पेल्यामागे किती मोठा सामाजिक आशय होता, हे पुण्यातील पंचहौद मिशन प्रकरणावरून दिसते. ऑक्टोबर १८९० मध्ये या मिशनमधील एका कार्यक्रमात शहरातील अनेक प्रतिष्ठितांना चहा देण्यात आला, त्यांत न्या. महादेव गोविंद रानडे व बाळ गंगाधर टिळक हे होते. गोपाळराव जोशी यांनी पुणेवैभव या पत्रातून उपस्थितांची नावे प्रसिद्ध केली व प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. या ग्रामण्यातून प्रायश्चित्ताचा वाद उद्‌भवून तो काही वर्षे चालला.

पुढे चहा सार्वत्रिक झाला. भारतात चहावर उपकर बसविणारा कायदा १९०३ मध्ये झाला व त्या निधीतून देशात चहाचा प्रचार करण्यात आला. इंग्लंडात राजस्मारक बशीचे काम बहुधा कप ठेवण्यापुरते राहिले असताना महाराष्ट्रात बशीत ओतून चहा पिण्याची सवय सर्वत्र रुजली. ही सवय पूर्वी इंग्लंडातही होती. समाजातील उच्चनीचता मात्र कपबशीतूनही व्यक्त होत राहिली. गावोगावच्या हॉटेलांत अस्पृश्य मानलेल्या जातींच्या गिऱ्हाइकांसाठी वेगळी, बहुधा कान तुटलेली कपबशी बाहेर ठेवण्याची रीत अनेक ठिकाणी स्वातंत्र्योत्तर काळातही टिकून होती. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्याने असा भेदभाव गुन्हा ठरविला. म्हणून कपबशीचा इतिहास सांगताना सोनेरी काठाच्या कपाबरोबर या फुटक्या कपाचीही नोंद घ्यावी लागते.

बारामती व इंदापूर : नीरा व भीमा या नद्यांच्या दरम्यानचा हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यच्छायेत येतो. मुंबई इलाख्यातील जमीन महसुलाच्या नव्या पाहणीचा आरंभ गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात केला व तीच पद्धत पुढे इतरत्र लागू झाली. योगायोगाने १८३५ मध्येच कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकाच प्रकारचा रुपया सुरू केला व त्यावर चौथ्या विल्यमचे मुख छापले. त्यामागून व्हिक्टोरियाचे मुख आले. आधी ‘राणी’ व १८७७ पासून ‘सम्राज्ञी’ अशी अक्षरे नाण्यावर येऊ लागली. कपावरील बिरुदातील बदल आणि रुपयावरील बदल हे असे समांतर आहेत.

या भागातील शेतकऱ्याला राजमुख दिसले ते प्रामुख्याने या राणीछाप रुपयावर. सारा रोख भरावयाचा असल्याने तो रुपया मिळविणे भाग होते व धान्याला भाव नसला तर तो सावकाराकडून घ्यावा लागे. इंदापूर तालुक्याची ३० वर्षांची मुदत संपून १८६७ मध्ये फेरआकारणी झाली व साऱ्याचे दर वाढले. अमेरिकन यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव तोवर उतरले होते. त्यातून वाढलेल्या कर्जबाजारीपणाचा स्फोट १२ मे १८७५ रोजी सुपे येथे झाला. हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला करून वह्या व कर्जरोखे ताब्यात घेतले. दख्खनचे दंगे म्हणून प्रसिद्ध असलेल्या उठावाचा हा आरंभ होय. याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी युवराज (पुढे सातवा एडवर्ड) मुंबईस उतरला व त्याच्या दौऱ्याचा मोठा गाजावाजा झाला.

पुढील वर्षी पाऊस पडला नाही. १८७६-७७ चा दुष्काळ पूर्व पुणे जिल्ह्यात तीव्र होता. नीरा डाव्या कालव्याचे काम मदतकार्य म्हणून हाती घेण्यात आले ते याच काळात. दिल्लीत सम्राज्ञीपदाचा दरबार भरला, तेव्हा दख्खनमधील हजारो माणसे खडी फोडण्याच्या व माती वाहण्याच्या कामावर होती. पुणे सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका) त्या दरबारास गेले ते हाताने कातलेल्या सुताच्या जाड्याभरड्या खादीच्या पोशाखात. परदेशी वस्तूंनी सजलेल्या समारंभात स्वदेशी वेश हेच त्यांचे निवेदन होते. नीरा कालव्यास नंतर पाणी आले, बारामतीच्या परिसरात ऊस वाढला व १९१४ मध्ये दौंड–बारामती लोहमार्ग सुरू झाला. गूळपाणी देऊन पाहुण्याचे स्वागत करणाऱ्या या भागात मग चहाची कपबशी आली.

हीरकमहोत्सव व पुणे : हीरकमहोत्सवाच्या स्मारक पेल्यांवर ‘१८३७–१८९७’ हा आकडा आढळतो. त्याच वर्षी पुणे जिल्ह्यावर दुष्काळ व प्लेग अशी दुहेरी आपत्ती होती. १८९६ चा पाऊस अपुरा झाल्याने पूर्वेकडील तालुके दुष्काळाच्या छायेत आले. दुष्काळसंहितेनुसार मिळणाऱ्या सवलती शेतकऱ्यांना माहीत व्हाव्यात म्हणून टिळकांनी केसरीतून व सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांमार्फत मोहीम चालविली. पुणे शहरात प्लेगचा प्रतिबंध करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्‌स रँड यांनी घरांची झडती घेण्यास गोरे सैनिक लावले. त्यामुळे लोकांत तीव्र असंतोष पसरला. राणीविषयीच्या भावनेतील बदल त्याआधीच प्रकट झाला होता. खंडेराव गायकवाडांच्या देणगीतून मुंबईत उभारलेल्या राणीच्या संगमरवरी पुतळ्यास १८९६ मध्ये चाफेकर बंधूंनी डांबर फासले होते.

२२ जून १८९७ रोजी साम्राज्यभर हीरकमहोत्सव साजरा झाला. त्या रात्री गणेशखिंड येथील गव्हर्नरच्या निवासस्थानातील समारंभाहून परतताना रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर दामोदर व बाळकृष्ण चाफेकर यांनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ व रँड ३ जुलै रोजी मरण पावले. दामोदर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी देण्यात आली. बाळकृष्ण व वासुदेव हे त्यांचे बंधू १८९९ मध्ये फाशी गेले. केसरीतील लेखनाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन सप्टेंबर १८९७ मध्ये त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. इंग्लंडमधील संग्राहकाच्या दृष्टीने २२ जून १८९७ हा मिरवणुकीचा दिवस आहे. महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात तोच दिनांक गणेशखिंडीशी निगडित आहे. हीरकमहोत्सवाच्या पेल्याचे वर्णन करताना हे दोन्ही संदर्भ दिल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

विसावे शतक : पाचवा जॉर्ज व राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले, त्या घटनेचे स्मारक म्हणून उभारलेले ‘गेट वे ऑफ इंडिया’ १९२४ मध्ये खुले झाले. १२ डिसेंबरच्या दिल्ली दरबारात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी ठरलेल्या रीतीने मुजरा केला नाही म्हणून मोठे वादळ उठले. त्याच वर्षीच्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली व चित्र बदलावे लागले. राजप्रतिमा प्रजेच्या नजरेस कशी दिसेल, याचा अंदाज मुद्राकारांना नेहमीच आला असे नाही.

१७ नोव्हेंबर १९२१ रोजी युवराज (पुढे आठवा एडवर्ड) मुंबईस आला, तेव्हा काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता. परळ भागात महात्मा गांधींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी झाली आणि नंतर उसळलेल्या दंगलीत पन्नासाहून अधिक माणसे मरण पावली. त्याच दौऱ्यात १९ नोव्हेंबर रोजी पुण्यात युवराजाच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला बसविण्यात आली. या कार्यात छत्रपती शाहू महाराजांचा पुढाकार होता. एकाच आठवड्यातील या घटनांवरून राजघराण्याकडे पाहण्याची महाराष्ट्रातील दृष्टी एकसारखी नव्हती, हे स्पष्ट होते. म्हणूनच एखाद्या घरी राजस्मारक कप सापडला एवढ्यावरून त्या घराण्याच्या राजनिष्ठेविषयी अनुमान काढणे योग्य नव्हे. तो भेट मिळालेला, लिलावात घेतलेला किंवा केवळ सुबक म्हणून ठेवलेला असू शकतो.

संग्रह व पारख : कपाची पारख करताना प्रथम तळाकडील शिक्का पाहतात. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर उत्पादक देशाचे नाव घालणे आवश्यक झाल्याने ‘इंग्लंड’ हा शब्द असलेला तुकडा बहुधा त्यानंतरचा असतो. ‘मेड इन इंग्लंड’ ही अक्षरे सामान्यतः विसाव्या शतकातील होत. १८८४ पासून नमुन्यांना दिलेले अनुक्रमांकही काळ ठरविण्यास उपयोगी पडतात. अखंड कपाला नखाने टिचकी मारल्यास स्पष्ट नाद येतो. केसासारखी चीर असल्यास तो बसका येतो. झिलईतील बारीक जाळी, झिजलेला सोनेरी काठ, पुन्हा चिकटविलेला कान व मूळ जोडीची नसलेली बशी यांमुळे मूल्य घटते. हे तुकडे कोमट पाण्यात हाताने धुवावेत व कानाला अडकवून टांगू नयेत. १९७७ चा रौप्यमहोत्सव व १९८१ चा राजविवाह यांच्या वस्तू अमाप निघाल्याने त्यांना भाव थोडा येतो. २०१२ व २०२२ चे महोत्सव आणि मे २०२३ मधील तिसऱ्या चार्ल्‌सचा राज्याभिषेक या प्रसंगीही ही परंपरा चालू राहिली. भारतात १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते व खाजगी व्यक्तीला ती परदेशी नेता येत नाही, हे संग्राहकाने ध्यानी ठेवावे.

महाराष्ट्रात या छंदाहून वेगळी अशी एक थोर संग्रहपरंपरा आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, कुलपे, भांडी इ. सामान्य घरांतील सु. २०,००० वस्तू जमवून राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे केले. प्रजेच्या हातांनी घडविलेल्या व वापरलेल्या या वस्तूंवर दिनांक नसतो, बिरुद नसते. राजस्मारक कपावर दोन्ही असतात. परंतु तो वापरणाऱ्याविषयी तो काहीच सांगत नाही. या दोन प्रकारच्या वस्तू शेजारी ठेवल्या, तर एकीतील उणीव दुसरीने भरून निघते. बारामती-इंदापूरकडील एखाद्या घरातून राजस्मारक कप मिळाल्यास त्याचा शिक्का व वर्ष यांबरोबर तो कोणत्या घरात, कोणत्या मार्गाने आला, त्यातून कोण चहा पीत असे व कोणास तो दिला जात नसे, हेही घरातील वडीलधाऱ्यांकडून विचारून लिहून ठेवणे इष्ट होय. शिक्क्याची माहिती पुस्तकांतून केव्हाही मिळू शकते. ही माहिती मात्र सांगणारी पिढी गेल्यावर मिळणार नाही.